मी कळवलं नाही

"दारात कुणी रडायचं नाही, आत्ताच सांगून ठेवते," वन्संनी सगळ्यांना दम भरला. "माणूस एवढ्या लांबनं येतोय. आधी पायावर पाणी पडू दे, घोटभर घशाखाली जाऊ दे. मग मी सांगते त्याला. आणि तू तर तोंडच उघडू नकोस, कुमुद."

कुमुद म्हणजे मी. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, रत्नाआक्का. दिलेली इस्लामपुरात, पण हुकूम चालायचा कराडात, आमच्या घरात. मी पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्याशी उभी होते. एरवी हे कुठं लांब जाऊन आले की मी भाकरतुकडा ओवाळून टाकायची, डोळ्यांना पाणी लावायची, मगच आत घ्यायची. त्या दिवशी त्यातलं काही करायचं नव्हतं. घरात सुतक होतं. चार दिवसांपूर्वी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्या होत्या आणि त्यांचा एकुलता एक मुलगा आफ्रिकेतनं सिंह बघून घरी येत होता. त्याला यातलं काहीएक माहीत नाही, असं घरात जमलेली पंधरा माणसं धरून चालली होती.

जीप थांबली. हे उतरले. डोक्यावर खाकी टोपी, गळ्यात दुर्बीण, खांद्यावर तिकडच्या लोकांचं लाल चौकड्यांचं पांघरूण. चेहरा उन्हानं रापलेला, पण तजेलदार. महिनाभर माहेरी राहून आलेल्या पोरीचा असतो तसा.

"एवढी पायताणं कुणाची गं दारात?" त्यांनी हसत विचारलं.

मी पायावर पाणी घातलं आणि वर त्यांच्या डोळ्यांत बघितलं. त्यांनी नजर काढून स्वतःच्या ओल्या पायांवर ठेवली. आत आले, खुर्चीवर बसले, वन्संनी दिलेलं पाणी प्याले. मग वन्संनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "दिनू, आई गेली रे."

काय सांगू तुम्हाला! पेला हातातनं गळून पडला. "आई गं!" अशी हाक मारली की शेजारची माणसं गॅलरीत आली. खुर्चीवरनं खाली बसले, भिंतीवर डोकं आपटलं. वन्संच्या मुलानं, सुहासनं, त्यांना कवेत धरलं. त्यानंच आजीला अग्नी दिला होता. तोही ढसाढसा रडायला लागला. सगळं घर रडलं. मी तांब्या घेऊन तशीच उभी. आणि मग यांनी मान वर केली, भरल्या डोळ्यांनी माझ्याकडं बघितलं आणि पंधरा माणसांसमोर मला विचारलं,

"कुमुद, अगं, मला कळवायचं तरी!"

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. रडतील हे मला ठाऊक होतं. नाटक होणार हेही ठाऊक होतं, त्याला मी कबूल झाले होते. पण हे वाक्य आमच्यात ठरलेलं नव्हतं.

आता खरं काय ते सांगते.

या आफ्रिकेच्या सहलीचं वेड मूळचं माझं. लग्नानंतर पहिल्या वर्षी यांनी मला दाजीपूरच्या जंगलात नेलं होतं, तिथं पहाटे गवा बघितला आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात जनावरंच बसली. वाचनालयातनं पुस्तकं आणायची, यांना वाचून दाखवायची. आम्हाला मूलबाळ नाही. चष्म्याचं दुकान बरं चालायचं. कधीतरी दोघं जाऊ, असं वीस वर्षं म्हणत आलो. पुण्याच्या एका कंपनीची सहल निघाली तेव्हा हे दोघांची नावं घालणार होते. पण आत्याबाईंना त्याच्या आठ वर्षं आधीच अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. एक बाजू लुळी. त्यांना भरवायला, कुशीवर वळवायला कुणीतरी हवं.

"तू पुढच्या खेपेला जा," हे म्हणाले. "मी बघून येतो कसं काय असतं ते."

पुढची खेप कसली आणि काय! मीच बॅग भरून दिली. थेपले, चिवडा, तापाच्या गोळ्या. आत्याबाईंनी चांगल्या हातानं त्यांच्या गालावरनं हात फिरवला. तीन तारखेला हे गेले. मोबाईल तिकडच्या रानात चालायचा नाही, म्हणून हेच मुक्कामावरनं दर तीन दिवसांनी घरच्या फोनवर फोन करणार, असं ठरलं होतं.

सहा तारखेला आत्याबाईंना दुसरा झटका आला. दवाखान्यात हलवलं. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस, फार तर तीन. बोलवायचं त्याला बोलवून घ्या. मी वन्संना बोलावून घेतलं. शुद्ध यायची-जायची, पण आली की एकच प्रश्न. खोलीचं दार वाजलं की विचारायच्या, "दिनू आला का?" नर्स आली तरी तेच, चहावाला आला तरी तेच.

सात तारखेला दिवेलागणीला मी डबा न्यायला घरी आले होते आणि फोन वाजला.

"कुमुद! अगं, काय सांगू तुला, आज एकदम पाच हत्ती! आणि पिल्लू तर इतकं..."

"आत्याबाईंना परत झटका आलाय," मी मध्येच तोडलं. "दवाखान्यात आहेत. दोन-तीन दिवस म्हणालेत डॉक्टर. सारखं तुमचं नाव घेतायत. निघा तुम्ही."

पलीकडं कुणीतरी मोठ्यानं हसलं. ग्रुपमधलं कुणी असावं.

"मागच्या दिवाळीतही डॉक्टर असंच म्हणाला होता," हे म्हणाले. "आई अशी जायची नाही."

"या वेळी तसं नाही हो. तोंड बघून सांगते मी. आज निघालात तर परवाला पोचाल."

"परवाच तर जनावरं नदी ओलांडायची आहेत! हजारोंनी येतात, कुमुद, तूच वाचून दाखवायचीस ना? त्यासाठीच इथवर आलोय. आणि गाडी सगळ्यांत एक. मला एकट्याला कोण सोडणार एवढ्या लांब विमानतळावर?"

"सांगून तर बघा त्यांना. माणसंच आहेत ती."

हे मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ, माझा फोन आला होता हे आक्काला सांगू नकोस. उगाच थयथयाट करेल. जंगलात फोन लागत नाही म्हणून सांग. झाकली मूठ सव्वा लाखाची."

आणि मी मूर्खानं ते ऐकलं. का ऐकलं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. आई मरणाला टेकलेली असताना माझा नवरा जनावरं बघायला थांबला, हे माझ्या तोंडानं कुणाला सांगायची मला लाज वाटली. लाज त्याची, पण वाटली मला. दवाखान्यात गेल्यावर वन्संनी विचारलं, "त्या पुण्याच्या कंपनीला फोन कर की, ते निरोप पोचवतील." मी म्हणाले, लावते. बाहेरच्या नाणं टाकायच्या फोनच्या डब्यावर गेले, कुठलेतरी आकडे दाबले, कानाला लावून उभी राहिले आणि परत येऊन सांगितलं, कुणी उचलत नाही. दुसऱ्या दिवशीही तेच केलं. वन्संच्या डोळ्यांदेखत केलं.

नऊ तारखेला सकाळी आत्याबाई गेल्या. झाडूवाली दार लोटून आत आली, तेव्हा त्यांनी विचारलं, "दिनू का?" त्यावर मी "हो" म्हणाले. त्या हसल्या की काय, मला नीट कळलं नाही. तोंड लुळंच होतं एका बाजूनं.

दहा तारखेला संध्याकाळी परत फोन. घरात माणसं होती, मी फोनची वायर ताणून स्वयंपाकघरात नेली.

"गेल्या," मी सांगितलं.

पलीकडं नुसता श्वास ऐकू येत होता. मला वाटलं, रडतायत.

"अग्नी कुणी दिला?"

"सुहासनं."

"बरं झालं," हे म्हणाले. "आता निघून तरी काय उपयोग? देह तर गेला. तेरा तारखेला येतोच ठरल्याप्रमाणं. कुमुद, एक कर. मला कळलंय हे कुणाला कळता कामा नये. तुला आईची शपथ आहे."

ज्या आईसाठी रानातनं पाय निघाला नाही, तिची शपथ मला घातली. आणि मी ती घेतली.

तर हे असं होतं. आणि आता तोच माणूस भिंतीशी बसून मला विचारत होता, कळवायचं तरी.

"अरे मामा, तिनं लावला होता ना फोन," सुहास म्हणाला. "कंपनीत कुणी उचलत नव्हतं. होय ना मामी?"

"कुणी उचलत नव्हतं?" हे म्हणाले. "त्यांच्याकडं तर चोवीस तास माणूस असतो."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. मी यांच्याकडं बघत राहिले. वन्सं माझ्याकडं बघत राहिल्या. त्यांच्या तोंडावरचा रंग पालटताना मी बघितला. त्या भावाला म्हणाल्या, "ऊठ, अंगावरच्या कपड्यांनिशी अंघोळ कर. कानावर आलं की करायची असते." आणि त्याला हाताला धरून न्हाणीत घेऊन गेल्या. माझ्यानं राहवेना, पण शपथ होती, नि पंधरा माणसं होती. काय बोलणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

अंघोळ करून आल्यावर यांनी बॅग उघडली. वरतीच करड्या रंगाची मऊ शाल होती. ती दोन्ही हातांत धरून आत्याबाईंच्या फोटोसमोर गेले. "काल विमानतळावर घेतली," म्हणाले, "म्हटलं, आईला थंडी सोसत नाही." फोटोवर शाल पांघरली आणि परत हमसून हमसून रडायला लागले. बायका पदर तोंडाला लावून रडल्या. काल! काल म्हणजे बारा तारीख. दहाला मी माझ्या तोंडानं सांगितलं होतं, गेल्या म्हणून. गेलेल्या आईसाठी हा माणूस दुकानात उभा राहून रंग निवडत होता. मी उठून मागच्या दारी गेले.

सहाव्या दिवशी भेटायला आलेल्या कुणीतरी फोटोंचा विषय काढला. दुःखातल्या माणसाचं मन रमवावं म्हणून विचारलं असेल. यांनी कॅमेरा टीव्हीला जोडला. फोटोच्या कोपऱ्यात पिवळ्या अक्षरांत तारीख उमटलेली. नऊ तारखेला सकाळी जनावरं नदीत उड्या टाकत होती. "बघा, याच वेळेला आई जात होती," हे जड आवाजात म्हणाले. लोक हळहळले. पुढच्या फोटोत तिकडच्या उंच माणसांच्या रांगेत हे पण उड्या मारत होते, तोंडभर हसत. तारीख अकरा.

"बिचाऱ्याला पत्ताच नाही हो," एक बाई म्हणाली. "कळवलंच नाही म्हणे घरातनं."

शेवटचं तिनं दबक्या आवाजात म्हटलं, पण मला ऐकू जाईल इतपत. चहाचा ट्रे माझ्याच हातात होता.

त्या दिवशी मी यांना एकट्याला गाठलं. "लोक मला काय काय बोलतायत, ऐकलंत ना? निदान वन्संना तरी खरं सांगा. मी शपथेला बांधलेय, तुम्ही नाही."

"चार दिवस जाऊ देत गं," हे म्हणाले. "लोक विसरतात. तुझं काय जातंय? तू सून. सुनेला लोक बोलतातच. मी मुलगा आहे. मला गावात तोंड दाखवायचंय."

दहावा नदीकाठी, प्रीतिसंगमावर केला. यांनी डोकं भादरलेलं. पिंड मांडले, दहीभात, वर आत्याबाईंच्या आवडीची बेसनाची वडी. सगळे मागं सरून उभे राहिले. पलीकडं झाडावर दहा-बारा कावळे बसले होते. एक उतरायचा, दोन उड्या मारून जवळ यायचा आणि पिंडाकडं पाठ फिरवायचा. अर्धा तास झाला. वन्संनी हात जोडून सांगितलं, "आई, दिनूला मी अंतर देणार नाही." कावळा हलला नाही. हे पुढं झाले. "आई, तुझं वर्षश्राद्ध नीट करीन. देव्हारा हलवणार नाही." नाही. सुहासनं सांगून बघितलं. तरी नाही. ऊन चढलं, बायका पदर डोक्यावर घेऊन टेकल्या.

गुरुजी म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिववू. शास्त्राला चालतं."

"मला नाही चालत," वन्सं म्हणाल्या. "माझ्या आईचं काहीतरी अडलंय." आणि वळून सगळ्यांसमोर माझ्याकडं बोट केलं. "हिनं माफी मागू दे. मरताना आई दिनू दिनू करत होती. हिनं पोराला कळवलं नाही. फोन लावल्याचं सोंग केलं, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, पलीकडं कुणी बोलायच्या आधीच ही फोन ठेवायची. आयुष्यभराचा सासूवरचा राग हिनं असा काढला. कबूल कर म्हणावं आईपुढं."

आठ वर्षं मी त्या बाईचं अंथरूण काढलं होतं. राग असता तर काढायला रोजची संधी होती.

मी यांच्याकडं बघितलं. चार पावलांवर उभे होते. मुंडण केलेल्या डोक्यावर घाम. एक शब्द, एकच शब्द बोलले असते, "आक्का, राहू दे," एवढं म्हणाले असते, तरी मी सगळं पोटात घातलं असतं. आईशपथ सांगते, घातलं असतं. ते नदीच्या पाण्याकडं बघत होते. जसं काही तिथनंही जनावरं ओलांडणार होती.

"ताई, बोला काय असेल ते," गुरुजी म्हणाले. "माणसं उपाशी आहेत."

मी पुढं झाले. पिंडासमोर वाळूत बसले. हात जोडले. मनात आलं, खरं बोलून टाकावं. तोंडाशी आलं होतं. पण चाळीस माणसं, सुतकातला मुलगा, आईचा पिंड. आणि शपथही त्या समोरच्या आईचीच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

"आत्याबाई, चुकलं माझं," मी म्हणाले. "मी यांना कळवलं नाही."

माझे हात अजून जोडलेलेच होते, तेवढ्यात पंखांचा आवाज झाला. एक मोठा डोमकावळा सरळ पिंडावर उतरला, चोच घातली, वडी उचलली आणि उडाला.

"शिवला! शिवला!" एकच गलका झाला. लोकांनी हात जोडले. वन्सं रडत खाली बसल्या. गुरुजींनी सुटकेचा श्वास टाकला. मी कावळ्याकडं बघत राहिले. भूक लागली असेल मेल्याला. एक बाई पुढं आली आणि बाकीची माणसं मागं सरली, म्हणून त्याला वाट मिळाली असेल. मी आजवर शंभर कारणं काढली आहेत.

परतताना गाडीत मागच्या सीटवर आम्ही दोघंच होतो. यांनी माझा हात हातात घेतला. डोळे खरोखरच भरलेले होते.

"बघितलंस ना?" म्हणाले. "आईच्या मनात तेच होतं. तू त्या दिवशी फोनवर जरा नीट सांगितलं असतंस ना कुमुद, जरा जोर धरला असतास, तर मी आलो असतो गं."

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. थट्टा नव्हती. खोटंही बोलत नव्हते. कावळा शिवल्यापासनं तेवढ्या वेळात त्या माणसानं ते खरं मानलं होतं. मी हात काढून घेतला. त्यानंतर पुन्हा दिला नाही. एका घरात राहिलो, स्वयंपाक केला, दुखलं-खुपलं बघितलं. पुढं हे दोनदा आफ्रिकेला गेले. मला चल म्हणाले. मी गेले नाही.

वन्संनी आमचं दार वर्ज्य केलं. भाऊबीजेला भावाला इस्लामपुरात बोलावून घ्यायच्या. चार वर्षं असं चाललं. पाचव्या वर्षी मला सहन होईना. शपथेचं काय व्हायचं ते होवो म्हटलं, आणि एकटीच एसटीनं त्यांच्या घरी गेले. त्या पडवीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. या म्हणाल्या नाहीत, पण जा असंही म्हणाल्या नाहीत. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. सात तारखेचा फोन, दहा तारखेचा फोन, पाच हत्ती, शाल. शब्दन् शब्द सांगितला. त्यांचे हात थांबले. डोळ्यांत पाणी आलं.

"माझ्या दिनूला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"होतं, वन्सं. आत्याबाई असतानाच माहीत होतं."

त्यांनी तांदळाचं सूप बाजूला सारलं. मला वाटलं, पटलं. पाच वर्षांत पहिल्यांदा छातीवरचं ओझं हललं. मी त्यांच्या हातावर हात ठेवायला पुढं सरकले.

तेव्हा त्यांनी मान वर केली आणि अगदी शांतपणे, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं,

"मग कावळा कसा शिवला, कुमुद?"

मी उठले. चारची एसटी होती, ती धरली.